नैराश्य आणि वियोगाच्या काळात ख्रिस्ती विश्वासाचा आधार कसा घ्यावा

जवळचे माणूस गेल्यावर, किंवा कोणतेही उघड कारण नसताना मन महिनोन्‌महिने खचत गेल्यावर, ख्रिस्ती घरात पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो : प्रार्थना करा, प्रभू सर्व नीट करील. सल्ला देणाऱ्याची तळमळ खरी असते. परंतु ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचूनही ज्याच्या मनात शिरत नाही, त्याने प्रार्थना करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. पुण्यातील मराठी मंडळ्यांत, मग ती पंचहौदाच्या पवित्र नाम देवालयाची असो, क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची असो, वा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या सदनिकेत रविवारी संध्याकाळी भरणारी लहानशी सभा असो, हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र उघडपणे द्यायला हवे.

उत्तराचा गाभा एवढाच आहे, की आशा ही आपोआप उमटणारी भावना आहे असे धरले तर नैराश्यात ती गेलीच म्हणायची, कारण हा आजार सर्वांत आधी भावनांवरच घाला घालतो. शास्त्रातील आशा देवाच्या वचनाशी बांधलेली आहे, आणि ते वचन सर्व मंडळीच्या स्वाधीन केलेले आहे. आजारी माणसाला ते पेलवत नसेल त्या काळात इतरांनी ते त्याच्यासाठी धरून ठेवायचे असते. त्यामुळे आशा वाटावी म्हणून मनाशी झगडत बसण्यापेक्षा, ती धरून ठेवणाऱ्या माणसांच्या आणि शब्दांच्या जवळपास राहता येईल अशी दिवसाची मांडणी करणे, हे आपले काम आहे.

आधी आजाराला आजार म्हणा

वियोगाचे दुःख आणि नैराश्याचा आजार पुष्कळदा एकत्र येतात, तरी ते एक नव्हेत. वियोगाचे दुःख लाटांनी येते : मंडईत एखादी भाजी दिसली, बसमध्ये ओळखीचा आवाज ऐकू आला, की हुंदका दाटतो, मध्येच एखादी आठवण निघून हसूही येते, आणि गेलेल्या माणसावाचून जगणे कठीण झाले तरी आपण स्वतः कवडीमोलाचे आहोत असे सहसा वाटत नाही. नैराश्यात उदासपणा, किंवा कशातच रस नसणे, दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज, दोन आठवडे वा अधिक टिकते. त्याच्या जोडीला झोप उडते किंवा फार येते, भूक बदलते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, क्षुल्लक गोष्टींवरून अपराधी वाटते आणि मरणाचे विचार येऊ लागतात. वियोगाच्या दुःखातूनही हा आजार जडू शकतो. वर्ष उलटून गेले तरी पहिल्या आठवड्याइतकीच तीव्र ओढ आणि वेदना रोजची कामे करू देत नसतील, तर त्यावरही स्वतंत्र उपचार आहेत.

ही लक्षणे जुळत असतील तर प्रथम नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडचे विकार आणि जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता यांमुळेही असाच थकवा आणि उदासी येऊ शकते, आणि ती साध्या रक्ततपासणीत कळते. त्यानंतर गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. खासगी तज्ज्ञांची फी परवडत नसेल तर ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. येरवड्याचे नाव पुणेकरांनी थट्टेत इतके वापरले आहे, की तेथे केसपेपर काढणे म्हणजे अब्रू गेली असे अनेकांना वाटते. ती थट्टा आपण घरी मुलांसमोरही करतो, याचा एकदा विचार व्हायला हवा.

औषधांविषयी मंडळ्यांत बरेच गैरसमज आहेत. नैराश्यावर सामान्यतः दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची व्यसन या अर्थाने सवय लागत नाही. त्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. त्याआधीच मळमळ, डोकेदुखी यांसारखे सुरुवातीचे त्रास होऊ शकतात, आणि नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळ लोक गोळी सोडून देतात. ती अचानक बंद करू नये. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्यावी. गोळी घेणे म्हणजे विश्वासात कमी पडणे, असे मानण्याला शास्त्रात आधार नाही. प्रेषित पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्यच होता, आणि कॅथलिक पवित्र शास्त्रातील बेनसिराच्या ग्रंथात वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, असे स्पष्ट सांगितले आहे. मधुमेहाची गोळी घेताना आपण पाळकांची परवानगी मागत नाही. हीही तशीच घ्यावी. पाण्याचा तांब्या, गोळ्यांची डबी आणि पवित्र शास्त्र एकाच टेबलावर ठेवावे, म्हणजे दोन्हींची आठवण एकाच वेळी होते.

ज्यांना हे पटायला जड जाते त्यांनी १ राजे याचा १९वा अध्याय वाचावा. एलिया हा कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला संदेष्टा; पण त्यानंतर लगेच, याच अध्यायात, तो रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला बोल लावत नाही, विश्वास वाढव असेही म्हणत नाही. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे दाखवतो. एलिया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायलाच सांगतो, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची आहे. देव त्याच्याशी बोलतो तो या सगळ्यानंतर, मोठ्या वाऱ्यात, भूकंपात वा अग्नीत न येता, अगदी शांत वाणीने. झोप, अन्न, स्पर्श आणि मग वचन, असा हा क्रम आहे, आणि घरच्यांनीही तो तसाच पाळावा.

मरणाचे विचार केवळ येऊन न जाता ठरू लागले असतील, म्हणजे कसे, कधी, कशाने इथपर्यंत मन पोहोचत असेल, तर हे वाचन येथेच थांबवून कोणाला तरी हाक मारावी. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. जिवाला तात्काळ धोका असेल तर ११२ किंवा १०८ ला फोन करावा. घरात असलेली औषधे, कीटकनाशके आणि तत्सम वस्तू घरच्यांनी लगेच हलवाव्यात, आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. पोलिसांच्या भीतीने प्रकरण दडपू नये : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५व्या कलमानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही. पाळकांना कळवायचे असेल तर अवश्य कळवावे, पण डॉक्टरांच्या ऐवजी नव्हे.

विलाप हीसुद्धा प्रार्थना आहे

आपल्या मंडळ्यांत स्तुती आणि उपकारस्तुती यांची चांगली सवय आहे. विलापाची राहिलेली नाही. रडत देवाला जाब विचारणे म्हणजे अविश्वास, असे आपल्याला लहानपणापासून वाटत आले आहे. प्रत्यक्षात स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि ती मंदिरात सर्वांनी मिळून गायली जात. येशूने वधस्तंभावरून मोठ्याने म्हटलेली आरोळीही २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. देवाने आपल्याला टाकले आहे, हे देवालाच सांगण्याची मुभा त्याने आपल्या तोंडून दिली आहे.

सुरुवातीला १३वे स्तोत्र घ्यावे. ते अवघ्या सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. मधल्या दोन वचनांत एक मागणी आहे, माझ्याकडे पाहा, माझे डोळे उजळ कर. आणि शेवटच्या दोन वचनांत भरवसा आहे. नैराश्यातील माणसाने पहिल्या दोन वचनांपाशीच थांबले तरी चालेल. शेवटची दोन वचने तोंडातून निघत नसतील तर ती बळेच म्हणू नयेत. ती पुस्तकात आहेत आणि उद्याही असतील. ज्यांचे सारेच अंधारून गेले आहे त्यांच्यासाठी ८८वे स्तोत्र आहे. त्याच्या शेवटी उजेडाचा किरणही नाही. ते अंधारातच संपते. असे स्तोत्र संग्रहातून वगळले गेले नाही, पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले, याचा मला स्वतःला कोणत्याही उत्साही गीतापेक्षा अधिक आधार वाटतो.

यानंतर स्वतःचा विलाप लिहावा. वही नवी नको; जुन्या डायरीची कोरी पाने पुरेत. मोठे धार्मिक शब्द टाळून घरातील खरी गोष्ट लिहावी. समजा, पती गेल्यावर हडपसरला एकट्या राहणाऱ्या बाईंनी लिहायचे आहे, तर त्यांनी असे लिहावे : ‘प्रभू, गॅसचे बुकिंग अजून ह्यांच्या नंबरावर आहे. ओटीपी ह्यांच्याच फोनवर येतो, म्हणून तो फोन मी रोज चार्ज करते. आज ह्यांच्या बँकेतून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा मेसेज आला. बँकेला ठाऊक नाही. तुला ठाऊक होते, मग तू का थांबवले नाहीस?’ एवढ्यावर प्रार्थना पूर्ण झाली. तिच्या शेवटी ‘तरी तुझी इच्छा पूर्ण होवो’ असे शिष्टाचार म्हणून जोडण्याची गरज नाही. तसे म्हणावेसे मनापासून वाटेल त्या दिवशी ते आपोआप लिहिले जाईल.

विलापगीत या पुस्तकाची घडणही ध्यानात घेण्याजोगी आहे. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, हे प्रसिद्ध वचन त्याच्या तिसऱ्या, म्हणजे मधल्या अध्यायात येते. त्यानंतरचे दोन अध्याय पुन्हा उद्ध्वस्त शहराचे आणि उपाशी मुलांचे आहेत. म्हणजे आशेचे वचन उच्चारल्यावर दुःख संपले पाहिजे, अशी अट तेथे नाही. एखाद्या रविवारी बरे वाटले आणि मंगळवारी पुन्हा सर्व कोसळले, तर आपण मागे गेलो असे समजू नये.

प्रार्थनाच होत नसेल तेव्हा

अशी वेळ येते, आणि ती आली की विश्वासू माणूस सर्वाधिक घाबरतो. त्यासाठी काही गोष्टी हाताशी ठेवाव्यात. एक म्हणजे ठरलेल्या शब्दांच्या प्रार्थना. स्वतःचे शब्द सुचत नसताना प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली), किंवा कॅथलिक घरांत रोझरीची माळ, यांचा उपयोग होतो, कारण त्यांत मनाला काही रचावे लागत नाही. मुक्त प्रार्थनेची सवय असलेल्या मंडळ्यांत पाठ प्रार्थनेला थोडे कमी लेखले जाते. माझ्या मते आजारपणात हा भेद बाजूला ठेवावा. प्रभूच्या प्रार्थनेतील सर्वनामेही पाहावीत : ‘आमची रोजची भाकर’, ‘आम्हांला’, ‘आमच्या’. एकट्याने म्हटली तरी ती मंडळीचीच प्रार्थना राहते.

पाठ असलेले शब्दही उच्चारवत नसतील, तर रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायातील २६व्या वचनावर विसंबून राहावे. आपण काय मागावे हे आपल्याला कळत नसताना पवित्र आत्मा शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे पौल लिहितो. व्यवहारात याचा अर्थ असा, की खुर्चीवर बसून, हात मांडीवर ठेवून, पाच मिनिटे नुसते श्वास घेत बसणे हीसुद्धा त्या दिवसाची उपासना धरावी.

वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचण्याचा जो तक्ता कपाटावर चिकटवलेला असेल तो काढून ठेवावा, नाहीतर चुकलेल्या दिवसांचे रिकामे चौकोन रोज अपराधी वाटायला लावतात. त्याऐवजी एका कागदावर एकच वचन ठळक अक्षरात लिहून आरशापाशी लावावे आणि ते आठवडाभर बदलू नये. वाचन जमत नसेल तर पवित्र शास्त्राचे मराठी ध्वनिमुद्रण मोबाइलवर मोफत मिळते. ते हलक्या आवाजात लावून ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इतरांना प्रार्थना करायला सांगणे. मार्काच्या २ऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटतात आणि बाजेसकट त्याला खाली सोडतात. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असे तेथे म्हटले आहे. बाजेवरील माणसाने एक शब्दही उच्चारल्याची नोंद नाही. आपले असे चार जण कोण, याची यादी करावी. चार न मिळाल्यास दोन पुरेत. त्यांना निरोप पाठवावा, आणि तो स्पष्ट असावा : ‘ताई, सध्या माझ्याच्याने प्रार्थना होत नाही. महिनाभर माझ्यासाठी तुम्ही कराल का? मला वचने पाठवू नका, फक्त आठवड्यातून एकदा फोन करा.’ असा निरोप टाइप करायला फार धैर्य लागते. तो आधी लिहून ठेवून बरा वाटेल त्या तासाला पाठवावा. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र टाकू नये. तेथे पाच मिनिटांत हात जोडलेली चाळीस चित्रे येतात आणि फोन एकाचाही येत नाही.

मंडळीत कसे जावे

नैराश्यात सर्वांत आधी रविवार सुटतो. कपडे घालणे, रिक्षा शोधणे, चारचौघांना ‘सलाम’ करत ‘बरे आहे’ म्हणणे, हे सारे डोंगराएवढे होते. येथे उंबरठा खाली आणावा. उपासना सुरू झाल्यावर पोहोचावे, शेवटच्या बाकावर बसावे, नंतरच्या चहाला न थांबता निघावे. उभे राहवत नसेल तर बसून राहावे, गाता येत नसेल तर गीताचे पुस्तक नुसते उघडे धरावे. आपल्या ओठांवर नसलेले गीत बाजूचा बाक गात असतो, आणि मंडळीने आपल्या वतीने विश्वास धरून ठेवणे म्हणजे काय, ते तेथे कानांना ऐकू येते. प्रभुभोजनाला, अर्थात मिस्साच्या वेळी पवित्र भाकर स्वीकारायला, जाण्याचे बळ असेल तर जावे. तेथे काही सुचावे लागत नाही, बोलावे लागत नाही. हात पुढे करायचा असतो. विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाक, एवढेच म्हणणाऱ्या मार्काच्या ९व्या अध्यायातील बापाला येशूने परत पाठवले नाही.

पाळकसाहेबांशी किंवा फादरांशी बोलायचे असेल तर उपासनेनंतर दारात हस्तांदोलन करताना नको. तेथे मागे रांग उभी असते. आठवड्यातील दिवस ठरवून वेळ मागावी. तीन गोष्टी सांगाव्यात : काय होत आहे, डॉक्टरांकडे गेलो आहोत की नाही, आणि त्यांच्याकडून काय हवे आहे. चौथी गोष्ट अशी, की ही माहिती प्रार्थनेच्या विनंत्यांत नाव घेऊन वाचू नये, हे आधीच स्पष्ट सांगावे. सद्‌हेतूने झालेल्या अशा उच्चारामुळे विवाहाच्या वयाच्या मुलींची घरे मंडळीतूनच दूर जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. चांगला पाळक ऐकून घेतो, थोडक्यात प्रार्थना करतो आणि डॉक्टरांचे नाव विचारतो.

काही ठिकाणी याउलट होते. घरात कोणते पाप लपले आहे, कोणता आत्मा शिरला आहे, उपास किती केले, असे प्रश्न येतात. कधी गोळ्या बंद करून विश्वासाने उभे राहा असेही सांगितले जाते. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या कोणाचेही या बाबतीत ऐकू नये, मग त्याची सभा कितीही मोठ्या मैदानावर भरत असो. जन्मांध माणसाविषयी ‘पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी?’ असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले, तोवर त्यांचे वागणे उत्तम होते. तोंड उघडल्यावर त्यांनी त्याच्या दुःखाची कारणे शोधली, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. आजारपणात उपास करणेही टाळावे; रिकाम्या पोटी औषधे घेतल्याने त्रास वाढू शकतो, आणि एलियाला देवाने उपाशी ठेवले नव्हते.

वियोगाचे दिवस आणि सण

‘ते प्रभूजवळ गेले, रडायचे कशाला?’ हे वाक्य दफनविधीच्या दिवशी दहा जण म्हणतात. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पौल जे लिहितो ते याहून वेगळे आहे. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नये, असे तो म्हणतो, शोकच करू नये असे म्हणत नाही. लाजरसाला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. पुनरुत्थानाच्या आशेने अश्रू चुकीचे ठरत नाहीत, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

मृत व्यक्तीच्या वस्तू किती दिवसांत आवराव्यात, याला नियम नाही. नातेवाइकांच्या घाईने कपाट रिकामे करू नये. निर्णय होत नसेल तर कपडे एका पेटीत ठेवून तिच्यावर तारीख लिहावी आणि सहा महिन्यांनी पाहावे. काही तारखा आधीच कठीण जाणार हे माहीत असते : वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मृत्यूचा दिवस, आणि नाताळ. नाताळात कॅम्पातील रस्ते दिव्यांनी भरतात, घरोघरी करंज्या-केक होतात, कॅरल गाणारी मुले दारी येतात, आणि त्या गजबजाटात रिकामी खुर्ची अधिक डाचते. त्या दिवशी काय करायचे हे आठवडाभर आधी ठरवावे. सगळे नेहमीसारखे करायलाच हवे असे नाही. फराळ न करता केवळ सकाळच्या उपासनेला जाणे, किंवा कॅरलच्या मुलांसाठी खाऊ दाराशी ठेवून आत बसणे, हेही चालते. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, अनेक कुटुंबे कबरस्थानात जाऊन कबरी धुतात, फुले आणि मेणबत्त्या लावतात. तेथे एकट्याने जाऊ नये, आणि जेवून जावे.

पवित्र आठवड्यातील, म्हणजे येशूचा वधस्तंभावरील मृत्यू आणि त्याचे पुनरुत्थान यांमधल्या, शनिवाराकडे आपले लक्ष जात नाही. शुक्रवारची तीन तासांची उपासना झाली की आपण थेट रविवारच्या पहाटेच्या तयारीला लागतो. शिष्यांना मात्र तो शनिवार संपूर्ण जगावा लागला, आणि उद्या काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हते. ज्यांच्या आयुष्यात तो शनिवार लांबला आहे त्यांनी त्या दिवशी पहाटेची तयारी करणाऱ्यांत सामील होण्याचे ओझे घेऊ नये. लूक सांगतो, की स्त्रियांनी त्या दिवशी आज्ञेप्रमाणे विसावा घेतला.

आत्महत्येने माणूस गेला असेल तर घरावर दुहेरी ओझे येते, कारण ‘त्याचे तारण झाले असेल का?’ हा प्रश्न तोंडावर किंवा पाठीमागे विचारला जातो. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात यावर स्पष्ट लिहिले आहे : गंभीर मानसिक विकार, वेदना किंवा भय यांमुळे त्या व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशांच्या सार्वकालिक तारणाविषयी निराश होऊ नये, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते. प्रोटेस्टंट कुटुंबांनीही हे आपल्या पाळकांसमोर मोकळेपणाने ठेवावे, आणि प्रश्न विचारणाऱ्या नातलगाला उत्तर देण्यास आपण बांधील नाही हे जाणून असावे.

पुण्याच्या परिसरात या विषयावर बोलताना पंडिता रमाबाईंचे नाव हमखास निघते. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग १८८२ मध्ये पती. पुढे शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आणले, केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. त्यानंतर वर्षही पुरे होण्याआधी, एप्रिल १९२२ मध्ये, रमाबाई स्वतः वारल्या. अखेरच्या दिवसांतही पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नव्हते. हे चरित्र जरूर आठवावे. परंतु ‘त्यांनी एवढे सोसले, तुम्ही का खचता?’ असा त्याचा चाबूक कोणावर उगारू नये. रमाबाईंच्या भोवती केडगावात शेकडो मुली आणि स्त्रियांचे घर होते. हडपसरच्या सदनिकेत एकट्या बसलेल्या बाईंना आधी तसे काहीतरी मिळवून द्यावे आणि मग उदाहरण सांगावे.

घरच्यांनी आणि मंडळीने काय करावे

थोडक्यात सांगायचे तर डबा न्यावा. काही लागले तर कळवा, असे म्हटल्यास कोणीही कळवत नाही. त्याऐवजी ‘गुरुवारी सात वाजता वरण-भात आणि भाजी आणते, दारात ठेवून जाऊ का, की आत येऊ?’ असे विचारावे. दवाखान्याच्या तारखेला सोबत जावे. मरणाचे विचार येतात का, असे थेट विचारायला घाबरू नये. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तीन महिन्यांनी, जेव्हा इतर सर्वांचे येणेजाणे थांबलेले असते, तेव्हा पुन्हा जावे.

बरे वाटू लागल्यावर

उतार पडू लागला की दोन मोह होतात. पहिला गोळी सोडण्याचा. पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही सामान्यतः किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते, आणि ते थांबवायचे तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायचे असते. झोप पुन्हा पहाटे तुटू लागणे, फोन न उचलणे, रविवार चुकवणे, अशी आपली स्वतःची धोक्याची चिन्हे कागदावर लिहून त्या चार जणांपैकी एकाजवळ देऊन ठेवावीत, म्हणजे आजार पुन्हा डोके वर काढू लागल्यास आपल्याआधी त्याला कळेल.

दुसरा मोह मंडळीचा असतो. बाईंना किंवा भाऊंना प्रभूने कसे बरे केले याची साक्ष पुढच्याच रविवारी व्हावी, अशी गळ घातली जाते. ती लगेच मान्य करू नये. साक्ष दिल्यावर पुन्हा आजारी पडण्याचा हक्क आपण गमावला असे वाटू लागते, आणि मग दुसऱ्या वेळी माणूस लपवतो. ‘अजून उपचार चालू आहेत, वर्षभराने पाहू’, असे उत्तर पुरेसे आहे. वर्षभराने द्यावीशी वाटली तर द्यावी, आणि तीत डॉक्टरांचा, गोळ्यांचा, गुरुवारी डबा आणणाऱ्या मावशींचा उल्लेख प्रभूच्या नावाबरोबरच करावा, कारण त्या दिवशीही शेवटच्या बाकावर कोणीतरी उशिरा येऊन बसलेले असू शकते.